दम

जून. आमच्याकडे हिवाळा.
गवताच्या काड्या झालेल्या, आणि बटाटे अंगठ्याएवढे,
तसेच खाल्ले तर तोंड वाकडं होईल इतके कडू.
ते उघड्या माळावर पसरायचे
आणि गारठ्याची वाट बघायची.

एवढ्या उंचीवर दम मुळात कमीच.
तरी आई ज्याला त्याला सांगत आली : दम धर.
विल्बेर रांगत होता तेव्हा
त्याचा हात लेंड्यांच्या चुलीकडे गेला की
तिने कधी मागे ओढला नाही.
स्वतःचा हात मध्ये धरायची.
धग तिच्या तळव्याला, कळायचं त्याच्या डोळ्यांना.

आता तो आठ वर्षांचा, अकरा लामा त्याच्याकडे.
दिवसभर एका दगडावर.
कोल्हा दिसला तरी ओरडत नाही,
आधी बघतो वारा कुठून येतोय.

मागच्या वर्षी ला पाझहून एक बाई आल्या.
शाळेच्या टेबलावर त्यांनी एक गोळी ठेवली,
म्हणाल्या, मी येईपर्यंत थांबलास तर दोन.
दार लागलं आणि विल्बेरने गोळी तोंडात टाकली.
बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

घरी मी विचारलं, का रे?
म्हणाला, नळ घालतो म्हणून गेलेले
परत आले का?
गारठा येतो. त्याच्यासाठी थांबतो मी.

माझं म्हणाल तर मी उशिरा शिकले.
सोळाव्या वर्षी बांधावरून भांडण,
तोंडाआधी गोफण सुटली
आणि शेजारच्या एउलोहियोची गाभण लामा लंगडी झाली.
बापाने पट्टा काढला.
आईने तो त्याच्या हातातून घेतला,
स्वतःच्या कमरेला बांधला,
आणि मला म्हणाली, जा, तीन रात्री त्याचे बटाटे राख.

पहिल्या रात्री राग होता, उबेला पुरला.
दुसऱ्या रात्री राग संपला आणि थंडी वाजली.
तिसऱ्या रात्री एउलोहियो सूप घेऊन आला.
वाटी माझ्यापुढे ठेवून
तो त्याच्या लामाबद्दल बोलला नाही,
मीही नाही.
पहाटे बटाट्यावर बटाटा आपटला,
गोट्यांसारखा वाजला.

मग उन्हात ते नरम पडतात.
अनवाणी तुडवायचे, पण चिरडायचे नाहीत.
साल सुटावी, पाणी निघावं, गर राहावा.
वाळले की काळे, हलके, वर्षानुवर्षं टिकणारे.
जोर किती, हे कोणी सांगू शकत नाही.
टाचेला कळावं लागतं.
माझ्या टाचेला पस्तिशी उजाडली.

आई आता अठ्ठ्याहत्तरची.
जन्मभर जे गिळलं
ते एकेक करून वर येतंय.
पाद्र्याला तोंडावर सांगते, तुझं फार लांबतं.
मेलेल्या नवऱ्याशी रात्री भांडते
आणि जिंकते.
साखरेच्या डब्यात सारखं बोट.
विल्बेर डबा वरच्या फळीवर ठेवतो,
मग स्वतःच खाली काढतो,
अर्धा चमचा देतो,
तिचा थरथरता हात चमच्याखाली धरून.

काल संध्याकाळी आभाळ भरून आलं.
जूनमध्ये!
आम्ही तिघं रात्रभर माळावर,
आणि बटाटे मऊचे मऊ.
विल्बेर थांबला. मी थांबले.
तीन वाजता आई काठी टेकत उभी राहिली
आणि आभाळाकडे बघून तिने अशी शिवी हासडली
जी बापाच्या तोंडूनही मी ऐकली नव्हती.

विल्बेर माझ्याकडे बघत राहिला.
ओठ घट्ट, गाल फुगलेले.
मी म्हटलं, हस.

हसून हसून तिघांनाही दम लागला.
मग बटाट्यांवर ताडपत्री ओढली
आणि बसलो.